मुंबईत नव्याने आलात? आधी आपल्या वॉर्डाचं अक्षर शोधा

घर भाड्याने मिळालं, गॅसची जोडणी झाली, लोकलचा पास निघाला की वाटतं, चला, मुंबईत बस्तान बसलं. मग एका सकाळी नळाला गढूळ पाणी येतं, किंवा फाटकासमोरच्या गुलमोहराची फांदी विजेच्या तारेवर येऊन टेकते. शेजारचे काका सहज म्हणतात, "वॉर्डात एक अर्ज टाकून या." कुठल्या वॉर्डात, कोणाच्या नावाने, कोणत्या टेबलावर, हे काका सांगत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

मी बारा वर्षांपूर्वी सांगलीहून इथे आलो तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आणि ते कळेपर्यंत बरेच हेलपाटे झाले. मुंबईतल्या फुकट गेलेल्या चकरांपैकी निम्म्या तरी चुकीच्या इमारतीत शिरल्यामुळे होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

वॉर्ड म्हणजे नेमकं काय

बृहन्मुंबई महानगरपालिकेचं मुख्यालय म्हणजे सीएसएमटीसमोरची ती १८९३ साली पूर्ण झालेली घुमटाची इमारत. फोटो काढायला उत्तम. पण तुमचं काम तिथे जवळजवळ कधीच नसतं. कामकाजासाठी शहराचे प्रशासकीय विभाग पाडलेले आहेत, त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत आणि प्रत्येकाचं स्वतंत्र कार्यालय आहे. बोलण्यात त्यालाच 'वॉर्ड' म्हणतात. वॉर्डाचा प्रमुख म्हणजे सहायक आयुक्त. लोक त्यांना 'वॉर्ड ऑफिसर' म्हणतात. असे काही वॉर्ड मिळून एक परिमंडळ होतं. परिमंडळं सात आहेत आणि प्रत्येकावर एक उपायुक्त असतो. हे परिमंडळ लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

आता गोंधळाची गोष्ट. निवडणुकीच्या मतदारसंघालाही लोक वॉर्डच म्हणतात. नगरसेवक निवडून देणारे ते प्रभाग २२७ आहेत आणि त्यांना क्रमांक असतात. म्हणजे एकाच घराचे दोन 'वॉर्ड': एक अक्षराचा, एक आकड्याचा. अर्ज अक्षराच्या वॉर्डात द्यायचा, मत आकड्याच्या वॉर्डात. कोणी "तुमचा वॉर्ड कुठला?" असं विचारलं तर आधी विचारणारा पक्षाचा कार्यकर्ता आहे की पालिकेचा कर्मचारी, ते बघा.

पुण्याहून येणाऱ्यांना हेच 'क्षेत्रीय कार्यालय' म्हणून माहीत असतं, नागपूरकरांना 'झोन' म्हणून. ठाण्याहून आलेला माणूस 'प्रभाग समिती कुठे आहे?' असं विचारतो. मुंबईत प्रभाग समिती म्हणजे कार्यालय नव्हे, ती नगरसेवकांची समिती. एका समितीखाली कधी एक, कधी दोन-तीन विभाग येतात.

पहिली पायरी: अक्षर

अक्षरं दक्षिणेकडून सुरू होतात. शहर भागात ए म्हणजे कुलाबा, फोर्ट, चर्चगेट. बी म्हणजे डोंगरी, मांडवी, मस्जिद बंदर. सी म्हणजे काळबादेवी, भुलेश्वर. डी म्हणजे गिरगाव, ताडदेव, मलबार हिल. ई म्हणजे भायखळा, माझगाव, नागपाडा. एफ/दक्षिण म्हणजे परळ, लालबाग, शिवडी. एफ/उत्तर म्हणजे माटुंगा, शीव, वडाळा. जी/दक्षिण म्हणजे वरळी, प्रभादेवी. जी/उत्तर म्हणजे दादर पश्चिम, माहीम, धारावी.

पश्चिम उपनगरात वांद्रे ते सांताक्रूझ एच, तर विलेपार्ले, अंधेरी, जोगेश्वरी हा पट्टा के. दोन्हींचे पूर्व आणि पश्चिम असे भाग आहेत. गोरेगाव पी/दक्षिण, मालाड पी/उत्तर, कांदिवली आर/दक्षिण, बोरिवली आर/मध्य, दहिसर आर/उत्तर. पूर्व उपनगरात कुर्ला एल, गोवंडी-मानखुर्द एम/पूर्व, चेंबूर एम/पश्चिम, घाटकोपर एन, भांडुप-पवई एस, मुलुंड टी.

आय, जे, ओ आणि क्यू या अक्षरांचे वॉर्ड नाहीत, शोधत बसू नका. जुन्या तक्त्यांत एकूण २४ विभाग दिसतील, पण मोठ्या विभागांची वाटणी अलीकडे सुरू झाली आहे. २०११ च्या जनगणनेत बी विभागात सव्वा लाखाच्या आसपास माणसं होती आणि पी/उत्तरमध्ये नऊ लाखांहून जास्त. दोघांना कार्यालय मात्र एकेकच! त्यामुळे मालाडच्या पूर्वेकडचा भाग काढून पी/पूर्व असा नवा विभाग केला. मालाड पूर्वेला राहायला आला असाल तर जुनी यादी बघून पश्चिमेला जाऊ नका.

वरची यादी ढोबळ आहे. हद्दीवर राहणाऱ्यांनी जास्त सावध राहायचं. दादर स्टेशनच्या पश्चिमेला जी/उत्तर, पण पूर्वेला उतरून हिंदू कॉलनीत गेलात की एफ/उत्तर. विक्रोळीत कन्नमवार नगर एस विभागात, तर पार्कसाइट एन विभागात. पवईत हिरानंदानी एस मध्ये आणि पलीकडची चांदिवली एल मध्ये. वांद्रे आणि अंधेरीवरून काही जण समजतात की रूळ ओलांडले की वॉर्ड बदलतो. घाटकोपर, गोरेगाव, मुलुंडला तसं नाही. तिथे दोन्ही बाजूंना एकच विभाग. घाटकोपर पश्चिमेच्या माणसालाही एन विभागासाठी पूर्वेला जवाहर रोडवरच जावं लागतं. पिनकोडवरूनही वॉर्ड ठरवू नका, टपाल खात्याच्या हद्दी वेगळ्या.

आणि मीरा रोड, भाईंदर इथे पत्त्यात कोणी हौसेने 'मुंबई' लिहीत असलं तरी ती वेगळी महापालिका आहे. दहिसरचा नाका ओलांडला की आपला वॉर्ड संपला.

खात्रीचा उपाय घरातच असतो: मालमत्ता कराचं बिल. त्यावरच्या खाते क्रमांकाची पहिली दोन अक्षरं वॉर्डाची असतात. के/पश्चिमसाठी केडब्ल्यू, जी/उत्तरसाठी जीएन. वॉर्ड एकाच अक्षराचा असेल तर पुढे एक्स जोडतात, म्हणजे एल विभागासाठी एलएक्स. भाडेकरूच्या हातात हे बिल येत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, त्यांच्या फायलीत असतं. विजेच्या बिलावरून मात्र काही कळणार नाही.

दुसरी पायरी: काम वॉर्डाचंच आहे ना?

मुंबईत एका रस्त्यावर चार यंत्रणांची हद्द असू शकते. रेशनकार्डाचं काम शिधावाटप कार्यालयात, ते राज्य सरकारचं. उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला तहसीलदारांकडून. शहर आणि उपनगर असे दोन वेगळे जिल्हे आहेत, त्यामुळे तिथेही आधी आपला जिल्हा बघा. भाडेकरार नोंदणी व मुद्रांक विभागाकडे. वीज शहरात बेस्टची, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटाची, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरणची. स्टेशनचा जिना आणि फलाट रेल्वेचा, पण जिना उतरल्यावर लागणारा फूटपाथ पालिकेचा. त्या शेवटच्या पायरीशी साचलेल्या पाण्यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी अर्ज दोन्हीकडे टाकायचा.

पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग २०२२ च्या अखेरीस एमएमआरडीए या राज्य सरकारच्या प्राधिकरणाकडून पालिकेकडे आले. त्यामुळे तिथल्या खड्ड्यांची तक्रार आता पालिकेचीच, कोणी काहीही सांगो.

वॉर्डात काय येतं? पाणी, कचरा, गल्लीतले रस्ते आणि फूटपाथ, गटारं, डासफवारणी, रस्त्यावरची झाडं, अनधिकृत बांधकाम, व्यवसायाचे परवाने, मालमत्ता कर, जन्म-मृत्यूची नोंद, विवाहनोंदणी. यादी मोठी आहे, म्हणूनच पुढची पायरी महत्त्वाची.

तिसरी पायरी: टेबल

वॉर्डाच्या दारात उभं राहून "तक्रार करायची आहे" असं म्हणालात तर समोरचा माणूस तुम्हाला सगळे मजले फिरवेल. त्याचा दोष नाही. तिथे डझनभर खाती आहेत. खात्याचं नाव घेऊन आत शिरा. रस्ता-फूटपाथ-गटारासाठी 'परिरक्षण'. बेकायदा मजला चढतोय तर 'इमारत व कारखाने'. पाण्यासाठी 'जलकामे'. कचऱ्यासाठी 'घनकचरा व्यवस्थापन'. डासांसाठी 'कीटकनाशक'. झाडासाठी 'उद्यान'. दुकानाच्या परवान्यासाठी 'अनुज्ञापन'. कर भरायचा असेल किंवा दाखल्याचा अर्ज असेल तर तळमजल्यावरचं 'नागरी सुविधा केंद्र'.

काही कामांना तर कार्यालयात जायचीही गरज नसते. कचरा उचलला जात नसेल तर आपल्या भागाची घनकचरा चौकी शोधा आणि तिथल्या मुकादमाला सकाळी लवकर गाठा. गाडी कोणत्या गल्लीतून किती वाजता जाते हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. पाण्याचंही तसंच. मुंबईत पाणी चोवीस तास येत नाही, प्रत्येक भागाची वेळ ठरलेली असते आणि त्या वेळेला झडप उघडायला चावीवाला येतो. कमी दाबाची तक्रार करण्याआधी शेजारच्या दोन इमारतींत विचारा. त्यांनाही कमी येत असेल तर प्रश्न जलकामे खात्याचा. तुम्हालाच कमी येत असेल तर बहुतेक वेळा गोम सोसायटीच्या टाकीत, पंपात किंवा गंजलेल्या पाइपात असते. वॉर्डाचा माणूस येऊन मीटर बघेल, मान हलवेल आणि जाईल.

डासांची तक्रार करताना जरा जपून. कीटकनाशक खात्याची माणसं आली की आधी तुमच्याच कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवरची पिंपं तपासतात. अळ्या सापडल्या तर नोटीस तुमच्या नावावर.

झाडाबाबत नवख्यांना एक नियम ठाऊक नसतो. १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार सोसायटीच्या आवारातलं, स्वतः लावलेलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. छाटणीसुद्धा उद्यान खात्याला विचारूनच करायची. पावसाळ्याआधी या टेबलावर झुंबड असते, म्हणून नारळाच्या छाटणीचं काम मार्चमध्येच काढा.

दाखल्यांची वेगळी गंमत

एवढं सगळं सांगणारा मी स्वतः जिथे फसलो, ती जागा इथे. मुलगी झाली तेव्हा मी जन्मदाखल्यासाठी राहत्या वॉर्डात गेलो. रांगेत तासभर उभा राहिलो, खिडकीपाशी पोचलो, आणि बाईंनी कागदाकडे न बघताच विचारलं, "हॉस्पिटल कुठलं?" मी नाव सांगितलं. "मग तिकडच्या वॉर्डात जा." एवढंच.

बाई बरोबर होत्या. जन्म आणि मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथल्या वॉर्डात होते, तुम्ही कुठे राहता याचा तिथे संबंध नाही. रुग्णालय स्वतःच नोंद कळवतं. घरी जन्म झाला तर ते तुम्हाला करावं लागतं, आणि त्याला २१ दिवसांची मुदत आहे. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जातं. रुग्णालयात भरायच्या अर्जावर आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे ना, ते तिथेच, नर्ससमोर, दोनदा वाचा. नोंद झाल्यावर एक अक्षर बदलायला जितकी कागदपत्रं लागतात, तितकी पहिल्या नोंदीलाही लागत नाहीत. बाळाचं नाव ठरलेलं नसेल तर ते मागाहून घालता येतं. वर्षाच्या आत घातलं तर विलंब शुल्क नाही. बारशाच्या धांदलीत हे विसरतं.

१ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, म्हणून टाळाटाळ नको.

विवाहनोंदणीला वधू, वर आणि तीन साक्षीदार हजर लागतात. ओळखपत्रं, पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, फोटो जवळ ठेवा. साक्षीदार कामाच्या दिवशी रजा काढून येणारे निवडा. दोघं आले आणि तिसरा लोकलमध्ये अडकला, ही त्या बाकावरची रोजची कथा आहे.

चौथी पायरी: अर्ज आणि पोच

तातडीचं असेल तर १९१६. झाड पडलं, मॅनहोलचं झाकण गायब आहे, पाणी तुंबलं, तर थेट फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. क्रमांकाशिवाय फोन ठेवू नका.

बाकी कामांसाठी लेखी अर्ज. लोक दोन पानं लिहितात, त्यात प्रशासनाच्या अनास्थेवर एक परिच्छेद असतो. तो कोणी वाचत नाही. वाचला जातो तो विषय. मी गुलमोहरासाठी दिलेला अर्ज असा होता:

"प्रति, सहायक आयुक्त, … विभाग. विषय: … मार्गावर, … सोसायटीच्या फाटकासमोरील विजेच्या खांबालगतच्या गुलमोहराची फांदी छाटणेबाबत. महोदय, सदर फांदी दि. … पासून तारेवर टेकली आहे. खाली शाळेच्या बसचा थांबा आहे. उद्यान खात्यामार्फत पाहणी होऊन छाटणी व्हावी, ही विनंती. सोबत दोन फोटो."

जागा अशी लिहायची की अनोळखी माणसाला विचारपूस न करता सापडावी. एका अर्जात एकच विषय. झाड, खड्डा आणि फेरीवाले एकत्र लिहिलेत तर तीन खात्यांत कागद फिरतो आणि तिघांनाही वाटतं की दुसरा बघेल. सोसायटीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह दिला तर वजन जरा जास्त पडतं.

अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. आवक-जावक टेबलावर एक प्रत ठेवून घेतात आणि दुसरीवर शिक्का मारून देतात. हीच पोच. शिक्क्याच्या शाईवर भरवसा ठेवू नका, बरेचदा अर्धा गोल उमटतो आणि तारीख कोरी राहते. खिडकीपाशीच थांबून आवक क्रमांक आणि तारीख पेनाने लिहून मागा. मागची रांग कुरकुरेल, कुरकुरू द्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

साहेबांना भेटायचं असेल तर सकाळी कार्यालय उघडल्यावर लगेच जा. नंतर 'साहेब साइटवर गेलेत' हे उत्तर मिळतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

पाचवी पायरी: काहीच हललं नाही तर

पंधरा दिवस वाट बघा, मग जुन्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या. त्याची एक प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांना. दाखले, परवाने अशा अधिसूचित सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत आणि कोण देणार, उशीर झाला तर अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावलेला असतो. तो बघा, फोटो काढून ठेवा.

नगरसेवकाकडे जावं का? जरूर जा. ७ मार्च २०२२ ला जुन्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. मधली जवळजवळ चार वर्षं ही पायरीच नव्हती. लोक माजी नगरसेवकांच्या कार्यालयात जाऊन बसायचे. पण नगरसेवकाला भेटायला जातानाही पोचेची झेरॉक्स न्यायचीच.

शेवटचं हत्यार माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं शुल्क, वॉर्डातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे आणि विषय एकच हवा. 'का केलं नाही' असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. कागद मागा.

माझ्या गुलमोहरावर अर्ज आणि स्मरणपत्र दोन्ही देऊन झाली होती. माहिती अधिकारात मी एवढंच लिहिलं: "सोबत जोडलेल्या पोचेवरील अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती मिळाव्यात." नवव्या दिवशी सकाळी शिडीची गाडी आली आणि फांदी छाटून गेली. उत्तराचा लिफाफा अठ्ठाविसाव्या दिवशी आला. आत एकच ओळ होती: काम पूर्ण झाले आहे.